मिशीवरचं मीठ

बारामतीचा स्टुडिओवाला म्हणाला, "काकू, तात्यांच्या मिशीवर कायतरी पांढरं दिसतंय. काढून टाकू का? एका मिनिटाचं काम हाय."

भिंतीवर लावायला तुमचा फोटो मोठा करून घ्यायचा होता. फोटो सगळ्यांनी मिळून निवडला. संदीप म्हणाला, आई, ह्यात तात्या कसे पोटातनं हसलेत बघ. साल्झबर्गच्या किल्ल्यावरचा, तुम्ही तिथं कुणाकडनं तरी काढून घेतलेला. मागं दगडी भिंत, डोक्यावर तुमची पांढरी टोपी आणि अंगात आपल्या लेकीनं, वैशूनं, बळंच घातलेला निळा स्वेटर. मोबाइलमध्ये मी तो शंभर वेळा पाहिला असेल, पण एवढ्याशा फोटोत मिशी नुसती मिशीच दिसायची. त्या कॉम्प्युटरवर तुमचं तोंड परातीएवढं झालं आणि मग दिसले. तीन दाणे. डावीकडं दोन, उजवीकडं एक.

"बर्फ असंल," तुमचा लेक म्हणाला.

भर जूनमध्ये कुठला आलाय बर्फ! मी म्हणाले, "राहू द्या तसंच. मीठ आहे ते."

दोघं एकमेकांकडं बघायला लागले. नवरा गेल्यानं बाईचं डोकं फिरलंय असंच वाटलं असणार त्यांना. मी तुमच्याकडंच बघत होते. अहो, सापडलात की नाही शेवटी? किल्ल्यावरनं खाली आल्यावर मला काय सांगितलं होतंत? 'काय न्हाय, वर जाऊन नुसता वारा खाल्ला.' वारा! वाऱ्याला खडेमिठाचे दाणे असतात होय?

तिथंच खुर्चीवर बसून हसले मी. हसता हसता जे सुरू झालं ते थांबेना. स्टुडिओवाल्यानं पाणी आणून दिलं बिचाऱ्यानं.

तुम्हाला जाऊन आज अठरा दिवस झाले. भेटायला येणारं प्रत्येक माणूस मला एकच वाक्य ऐकवून जातं: "बाई, तुम्ही पथ्य सांभाळलंत म्हणून तात्यांनी इतकी वर्षं काढली." डॉक्टरही तेच म्हणाले. मी मान हलवते. आत मात्र तुमचा तो पुलावरचा प्रश्न उभाच असतो. त्याचं उत्तर मी तिथं दिलं नाही, घरी आल्यावर दिलं नाही, आणि पुढं वर्षभर तुम्ही समोर बसून जेवत होतात तरी दिलं नाही. म्हणून आता लिहायला बसले आहे. मास्तरणीला दुसरं येतंय काय?

सहा वर्षांपूर्वी डॉक्टरांनी सांगितलं, तात्या, मीठ बंद, नाहीतर हृदय साथ देणार नाही. तुम्ही शहाण्या पोरासारखी मान डोलावलीत आणि दवाखान्याच्या पायऱ्या उतरल्या उतरल्या म्हणालात, "चल मास्तरीण, गरम भजी खाऊ." त्याच पायरीवर मी ठरवलं, हे काम ह्या माणसावर सोडण्यात अर्थ नाही. तीस वर्षं झेडपीच्या शाळेत पोरं वळणावर आणली, एक नवरा येणार नाही होय?

तेव्हापासून आपल्या चुलीवर दोन पातेली. एक संदीप, सून, नातवंडांचं, एक तुमचं अळणी. पापड माळ्यावर गेले, लोणच्याची बरणी माझ्या साडीच्या कपाटात. तुम्ही काय कमी होतात? 'आक्काला बघून येतो' म्हणून दर पंधरा दिवसाला निरवांगीला बहिणीकडं जायचात, ते काही आक्कांच्या ओढीनं नाही, त्यांच्या हातच्या मीठ-मिरचीच्या खरड्याच्या ओढीनं. परत आलात की पाण्याचा तांब्याच्या तांब्या रिकामा करायचात, आणि मला कळायचं. मग मी आक्कांना फोन करून झाडायची. त्या म्हणायच्या, "वहिनी, भाऊ हाय माजा. मागितल्यावर न्हाय कसं म्हणू?" मी म्हणायची, "तुमचा भाऊ आहे, पण कुंकू माझं आहे." किती लागेल असं बोलायची मी. आक्का एकदाही उलटून बोलल्या नाहीत.

तर, साल्झबर्ग.

म्युनिकला वैशूकडं आपण दीड महिना होतो. पंधराव्या दिवशी तुम्हाला लेकीच्या घरातला सोफा टोचायला लागला. वैशू म्हणाली, तात्या, इथून दोन तासांवर ऑस्ट्रियात एक जुनं गाव आहे, आईला घेऊन जाऊन या. साल्झ म्हणजे मीठ आणि बुर्ग म्हणजे किल्ला. डोंगरातलं मीठ काढून नदीतनं नावेनं न्यायचे आणि विकायचे, त्याच्यावर सगळं गाव श्रीमंत झालं.

तुमचे डोळे लकाकले. "मिठाचा किल्ला! मग तर जायाचंच."

वैशूला रजा नव्हती, जावईबापू दौऱ्यावर. "आमी दोघंच जातो," तुम्ही म्हणालात. "मास्तरणीला इंग्रजी येतं की." तिनं कागदावर मराठीत सगळं लिहून दिलं. स्टेशनातून बाहेर, सरळ, बाग, पूल, गल्ली, किल्ला. किल्ल्यावर चढू नका, डोंगरावर जाणारी छोटी गाडी आहे, तिच्यात बसा. कागदाच्या खाली दोन रेघा ओढून: तात्या, आईचं ऐका.

गाडीत मी डबा उघडला. अळणी मेथीचे ठेपले, दही, काकडी. तुम्ही एक तुकडा मोडलात, खिडकीबाहेर बघितलंत आणि म्हणालात, "ह्यांच्या गायी बघ कशा बसल्यात. ह्यांना बी मीठ चाटायला ठेवत असतील." मी डबा तुमच्याकडं सरकवला. पण तो दिवस कुठं जाणार ह्याचा अंदाज मला तिथंच यायला पाहिजे होता.

सकाळ मात्र किती चांगली गेली हो. बागेत फुलांचे गालिचे बघून तुम्ही वाकून माती चिमटीत घेतलीत, वास घेतलात आणि 'भुसभुशीत हाय' म्हणून निकाल दिलात. अरुंद गल्लीत दुकानांवर लोखंडी नक्षीच्या पाट्या टांगलेल्या होत्या. चांभाराच्या दारावर बूट, कुलूपवाल्याच्या दारावर किल्ली. पूर्वी लोकांना वाचता येत नव्हतं म्हणून तसं, असं मी तुम्हाला सांगितलं. तुम्ही म्हणालात, "बारामतीत बी असंच पायजे. चष्मा घरी राहिला तरी काम अडायचं न्हाय." एका पिवळ्या घरासमोर ही गर्दी. मी सांगितलं, मोठा संगीतकार जन्मला होता इथं. "आता आत कोण वाजवतंय का?" नाही. "मग लोकं काय ऐकायला आल्यात?" तरी तुम्ही टोपी काढून त्या घराला नमस्कार केलात. कुणाच्या का असेना, कलेचं घर आहे म्हणून. असे होतात तुम्ही, हे मी लोकांना कसं सांगू?

मग चौकात उभं राहून तुम्ही ते पांढरे महाल, चर्चचे घुमट डोळे भरून बघितलेत आणि म्हणालात, "बघ मास्तरीण. ह्यांच्या डोंगरात मीठ निघालं तर ह्यांनी महाल बांधलं. आपल्या खालच्या दोन एकरात मीठ फुटलं तर ऊस बी उगवंना. आन् माज्या ताटात तर मीठ न्हायच! देवाचं वाटप लई भारी हाय."

मी हसले. भर चौकात तोंडाला पदर लावून हसले. ते हसू तिथंच ठेवून आपण स्टेशनवर परत आलो असतो तर किती बरं झालं असतं.

पुढं मिठाचं दुकान लागलं. नुसतं मीठ विकायचं दुकान! लाल मीठ, करडं मीठ, औषधी पाल्याचं मीठ. तुम्ही आत शिरलात आणि एक लहानशी कापडी पिशवी घेऊन बाहेर आलात, तोंड दोऱ्यानं बांधलेली. आणि सरळ माझ्या तळहातावर ठेवलीत.

मी चटका बसल्यासारखा हात मागं घेतला. पिशवी खाली पडली. "हातावर मीठ देतं का कुणी? भांडणं होतात! खाली ठेवायचं असतं, कळत नाही?"

"आगं, बांधलेलं हाय. दोऱ्यानं."

"बांधलेलं असलं म्हणून काय झालं?"

"साता समुद्रापार आलोय आपण. तुजं शास्तर व्हिसा काढून आलंय व्हय मागनं?"

तुम्ही मुद्दाम केलं होतंत, मला चिडवायला. मला कळत होतं. पण शास्त्र ते शास्त्र. माझ्या सासूबाईंनी चाळीस वर्षांत कधी मला मीठ हातावर दिलं नाही. वाटी खाली ठेवायच्या, मी उचलायची. आमचं कधी वाजलं नाही, ते त्यामुळंच असं त्या सांगायच्या.

अर्ध्या तासात आपलं वाजलं.

फिरत फिरत आपण परत नदीवरच्या त्या पुलावर आलो, जाळीला हजारो कुलपं लावलेली. नवराबायको नाहीतर प्रेमातली पोरं येऊन नावं लिहून कुलूप लावतात आणि किल्ली नदीत टाकतात. मी नावं वाचत वाचत पुढं गेले. मागं वळून बघते तर तुम्ही कठड्याला टेकून काहीतरी चावताय. गाठ मारल्यासारखा वळवलेला मोठा तांबूस पाव, आणि त्याच्यावर खडेमीठ. आपल्याकडं लाडूवर खसखस लावतात तसं लावलेलं.

मी काय काय बोलले ते तुम्हाला आठवत असणार. मलाही आठवतं. आवाज इतका चढला की दोन परदेशी माणसं थांबली. "मरायचं असेल तर घरी चला आणि मरा, इथं परक्या मुलखात माझी शोभा करू नका." हे बोलले मी. मरा म्हणाले. त्या तोंडानंच आता रोज दिव्यापुढं उभी राहते.

तुम्ही घास गिळलात. रागावला नव्हतात. रागावला असतात तर बरं झालं असतं. हळू आवाजात म्हणालात, "मास्तरीण, एक इचारू? तू मला जगवतीस का नुसतं राखतीस?"

मी तुमच्या हातातला उरलेला पाव ओढून कचऱ्याच्या पेटीत टाकला.

"तुला काय ठावं अळणी काय असतं? तू पाच वरसं अळणी खाऊन बघ, मग कळंल."

अहो.

हे आज सांगते. तेव्हा सांगायला जीभ उचलली होती मी आणि परत खाली ठेवली. त्या दुसऱ्या पातेल्यातलंच मी जेवत होते. पहिल्या दिवसापासून. तुमचं ताट झालं की मागून मी बसायची, तुमच्या भाजीत तुमची उरलेली भाकरी मोडून खायची. तुम्ही कधी विचारलं नाहीत माझं जेवण कुठल्या पातेल्यातलं, आणि मी बोलले नाही. तुम्ही घशाखाली ढकलायचं आणि मी चवीनं खायचं, हे माझ्याच्यानं झालं नाही, एवढंच. सुनेला माहीत होतं, तिला मी शपथ घातली होती. तुम्हाला कळलं असतं तर दोन दिवसांत म्हणाला असतात, 'तू कशाला उपाशी मरतीस? घाल दोघांच्याबी भाजीत मीठ.' आणि मी घातलं असतं. तुमच्यापुढं माझं कधी काही चाललंय का?

म्हणून गप्प बसायची. पण त्या दिवशी पुलावर गप्प बसले ते तेवढ्यासाठी नाही. त्या दिवशी ताठा होता. म्हटलं, इतकं करून हेच ऐकायचं असेल तर सांगायचं तरी कशाला? ज्याचं त्याला कळायला नको?

"चल वर किल्ल्यावर," तुम्ही म्हणालात.

"तुम्हीच जा."

दोन पावलं गेलात, थांबलात, मागं बघितलंत. मी कुलपांकडं तोंड फिरवलं. मग ती पांढरी टोपी गर्दीतनं जाताना दिसली, गल्लीच्या तोंडाशी वळली आणि दिसेनाशी झाली. नदीकाठच्या बाकावर मी दोन तास बसून होते. पाण्याकडं बघत मनातल्या मनात भांडत. एवढ्या लांब जाऊन मी काय बघितलं तर हिरवट पाणी. डोळे वर करून किल्लासुद्धा बघितला नाही, तुम्ही तिथं आहात म्हणून.

खाली आलात तेव्हा चेहरा उजळला होता. हातात कागदाची पुडी. "नुसता वारा खाल्ला," म्हणालात. गाडीत बसल्यावर ती पुडी माझ्यापुढं धरलीत. मी बघितलंही नाही. "नको." तुम्ही ती डब्याच्या पिशवीत ठेवलीत. घरी आल्यावर वैशूनं पिशवी रिकामी केली तेव्हा त्यात तसलाच अर्धा पाव निघाला. "आई, हा कुणाचा?" मी म्हणाले, टाकून दे.

माझ्यासाठी अर्धा ठेवला होतात. वर एकट्यानं खाताना अर्धा मोडून ठेवला होतात. हे फोटोतले तीन दाणे बघेपर्यंत माझ्या डोक्यात शिरलं नाही. मला वाटत होतं पुलावरचाच उरलेला असेल. रागात विसरलेच, पुलावरचा मी तुमच्या हातातनं घेऊन कचऱ्यात टाकला होता की. तुम्ही वर जाऊन दुसरा घेतलात. वा रे पठ्ठ्या!

किल्ल्यावरून काय दिसतं हे तुम्ही गावात सगळ्यांना सांगितलंत. पारावर, सोसायटीत, आक्कांकडं. घरात कधी विषय काढला नाहीत, माझा राग जागा होईल म्हणून. एकदाच, गोठ्याकडं जाता जाता म्हणालात, "पुढच्या खेपेला दोघं जाऊ वर." मी म्हणाले, "बघू." एका शब्दात सगळं उरकायची मी. बघू.

तुम्ही गेलात ते सकाळी, खालच्या रानात, बांधावर बसल्या बसल्या. मिठानं गेलेल्या त्याच तुकड्यात. संदीपनं तिथं निचऱ्याचे पाइप टाकायला घेतले होते, ते बघत होतात. त्याच्याबद्दल मला जास्त लिहायचं नाही. रात्रीची भाजी भोपळ्याची होती. अळणी.

दहाव्याला नीरेच्या घाटावर आपली सगळी माणसं जमली. पिंडाशेजारी पान वाढलं. वांग्याचं भरीत, बाजरीची भाकरी, डाळकांदा. सुनेला मी हात लावू दिला नाही, एवढं एक तरी माझ्या हातचं जाऊ दे म्हटलं. आणि कावळा काही शिवेना. झाडावर पाचसहा बसलेले, एक खाली आला, पानाभोवती फिरला आणि उडून गेला. संदीपनं हात जोडले, "तात्या, रान विकणार न्हाय, शब्द देतो." कावळा नाही. वैशू रडत म्हणाली, "तात्या, आईला एकटं सोडणार नाही." कावळा नाही. ऊन चढायला लागलं. भावकीतले आबा पुढं झाले, "तात्या, काय असंल ते मनात ठिवू नका. सगळं मार्गी लावतो आमी." कावळा ढिम्म.

सगळ्यांच्या नजरा माझ्याकडं. एवढ्या माणसांत काय बोलू, पुलावरचं?

आक्का बसल्या जागेवरून हळूच म्हणाल्या, "वहिनी, भरतात मीठ घातलंस का गं?"

मी आठवून बघितलं. पहाटे उठले, वांगी भाजली, मिरच्या ठेचल्या, परतलं, झाकलं. डब्याकडं हातच गेला नव्हता. सहा वर्षांचं वळण. नैवेद्य चाखायचा नसतो. पण खरं सांगते, चाखला असता तरी मला कळलं नसतं. माझ्या जिभेला आता तीच चव लागते.

"न्हाय घातलं," मी म्हणाले.

आक्का उठल्या, घाटावरच्या पहिल्याच घरात गेल्या आणि कागदावर मूठभर मीठ घेऊन आल्या. माझ्या हातात दिलं नाही. शेजारी दगडावर ठेवलं. मी उचललं, पानावर सगळीकडं घातलं. जरा जास्तच घातलं. कुणीतरी मागं हुंदका दिला आणि कुणीतरी हसलं, वैशूच असणार, तुमच्यासारखीच आहे ती.

कावळा आला. मिठामुळं आला असं मी म्हणत नाही. मी चौथीला विज्ञान शिकवलंय. पण आला आणि पहिली चोच भरतात घातली. आबा म्हणाले, "चला, तात्या सुटले." आक्कांनी माझ्या खांद्यावर डोकं टेकलं. मी त्यांना म्हणाले, "आक्का, निरवांगीला खाल्लेलं सगळं माफ." त्या म्हणाल्या, "तुजंबी."

लग्नात मी शिकलेली, नोकरीवाली म्हणून तुमच्या भावकीनं नाक मुरडलं होतं, तेव्हा तुम्ही वरातीत ओरडून सांगितलं होतंत, 'आमच्या घरात मास्तरीण आली!' त्याच नावानं पुढं सगळं आयुष्य हाक मारलीत. रागातही, लाडातही. आता ह्या गावात मला बाई म्हणणारे आहेत, आई, काकू, आजी म्हणणारे आहेत. मास्तरीण म्हणणारं कुणी उरलं नाही.

तर तुमचा प्रश्न. जगवत होते का राखत होते? राखतच होते. रानात हुरड्याला आलेली ज्वारी राखतात तशी, ओरडून, दगड मारून, पाखरू बसू न देता. भीती वाटायची मला. तुम्ही नसलेलं घर मला नको होतं, म्हणून तुमच्या तोंडची चव काढून घेतली मी. ह्यात तुमच्यासाठी किती आणि माझ्यासाठी किती, हे मला आज पण सांगता येत नाही. सहा वर्षं मिळाली असतील. ती अळणी होती. पण मीही त्याच पंगतीला होते, एवढं तरी तुम्हाला कळायला हवं होतं, आणि ते न सांगणं ही चूक माझी. पुलावर एक वाक्य बोलले असते तर तुम्ही त्या पावाचे तिथंच दोन तुकडे केले असतेत. आपण दोघं वर गेलो असतो.

फोटो आज भिंतीवर लावला. मिशीसकट. मग कपाट उघडलं. साड्यांच्या मागं, लोणच्याच्या बरणीशेजारी, तेव्हा उचलून आणून तुमच्यापासून लपवलेली ती कापडी पिशवी अजून तशीच होती, दोरा न सोडलेली. गुलबट दाणे आहेत हो. मला माहीतच नव्हतं.

संदीप रानात गेलाय, सून पोरांना शाळेत सोडायला. घरात कुणी नाही. दोन दाणे जिभेवर ठेवले आणि किती दिवसांनी डोळ्यांत पाणी आलं ते रडण्याचं नाही, खारटपणाचं. बाकीचे तळहातावर घेऊन तुमच्यासमोर उभी आहे. खाली ठेवणार नाही. वाटीतही नाही.

घ्या. हातावरच घ्या. भांडण होतं म्हणतात ना? होऊ दे.